गुसलचा सागवानी तख्ता

मशिदीच्या मागं आमचं सेंटर आहे. पाटीवर चांगलं लांबलचक नाव आहे, पण ते कोणी घेत नाई. पुढच्या हॉलमध्ये शिलाईच्या मशिनी, पुस्तकांची कपाटं, ईदच्या सतरंज्या. आणि सगळ्यात मागं, हातपंपाजवळ, एक खोली आहे, जिथी पोरी जात नाईत. तिथी सागवानी तख्ता आहे. आमच्यात कोणी गेलं की त्यावर शेवटची आंघोळ घालतात, तिले गुसल म्हणतात. पुरुषाले पुरुष, बाईले बायाच. आमच्या गावात बायांचं हे काम येणाऱ्या आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी बांगडीवाली मैत्रीण.

ती आरमोरीच्या, चामोर्शीच्या बाजारात दुकान मांडायची. "जित्या बाईच्या हातात भरते अन् मेलेलीच्या हातातून काढते, दोन्हीकडून मीच," म्हणायची आणि हसायची. बांगडी काढताना अंगठा तळहातात कसा दुमडायचा, हे मले तिनंच शिकवलं. कधी चहा पिता पिता म्हणायची, "मी आधी गेली तर तू धुवायचं, बाई. परक्या हातात मले देऊ नको." मी म्हणायची, "आधी चहा पी, मग मर."

आमच्यामागं कोण, म्हणून आम्ही शुक्रवारी दुपारी शिकवणं सुरू केलं होतं. बाया यायच्या. मेलेलीच्या जागी आम्ही लोड ठेवायचो, कापसाचा. त्याले वळवा, पुसा, कफन घाला. पोरी हसून हसून लोळायच्या. "खाला, याले केस नाईत, वेणी कशाची घालू?" आम्हीही हसायचो. ते हसणं आता आठवलं की कसंतरी होते. कापसाचा लोड लेकरूही उलटवते, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाई.

मागच्या श्रावणात मी पंपाजवळ शेवाळावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पाणी लागू द्यायचं नाई. प्लास्टर अजून पांढरंफेक होतं, तेव्हा एका सकाळी मैत्रिणीचा लेक पावसात भिजत दारात आला. "खाला, अम्मा गेली," म्हणाला. मग त्यानं माझ्या हाताकडे पाह्यलं. मीही पाह्यलं.

गुसल येणाऱ्या आरमोरीच्या बाईले फोन लावला, ती लेकीच्या बाळंतपणाले नागपूरले गेलेली. गडचिरोलीची बाई लगेच निघाली, पण एसटी नाल्याशी थांबली. तिचा फोन यायचा, "आपा, पलीकडचा काठ दिसून राह्यला, पण पाणी पुलावरूनच आहे." तिकडं कब्रस्तानात खोदावं तसं पाणी भरे. पोरं बादल्यांनी उपसत होती. दाराबाहेरून भाऊ लोक विचारत, "बाई, किती वेळ? माती खचून राह्यली."

काय सांगू त्याईले?

शुक्रवारच्या बायांले बोलावलं होतं. आल्या, खोटं काऊन बोलू. एकीनं मैत्रिणीचं तोंड पाह्यलं आणि तशीच मागं फिरली. दुसरी म्हणे, मले चक्कर येते. बाकीच्या हॉलमध्ये तस्बीच्या माळा घेऊन बसल्या, वर पाहीनात. मी त्याईच्यापुढं उभी राह्यली. म्हटलं, "हात जोडायले मले एकच हात आहे. दोन जोडले असं समजा." कोणी उठलं नाई. त्या वाईट बाया नाईत. माझ्या आजारपणात त्याईनंच मले जेवण पुरवलं. पण त्या दिवशी मले त्याईचा लय राग आला.

शेवटी दोघी आत आल्या. शिलाई शिकवणारी आणि मैत्रिणीची सून. मी प्लास्टरले प्लास्टिकची पन्नी गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि स्टुलावर बसली. बोरीच्या पाल्याचं पाणी कोमट झालं होतं. अंगावर चादर टाकली. बांगड्या मी डाव्या हातानं काढायले घेतल्या, साबण लावून, अंगठा दुमडून, तिनं शिकवलं तसं. दोन निघाल्या. तिसरी माझ्या हातात फुटली.

"अम्माले लागलं काय?" सून बोलून गेली. मग स्वतःच तोंडात पदर कोंबला.

वजू झाला, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुतले, मग डोकं धुतलं. आता डाव्या कुशीवर वळवून उजवी बाजू धुवायची. मी म्हटलं, "एकीनं खांदा, एकीनं कंबर." त्याईनं लोडासारखं धरलं, वरच्यावर. माणूस तसं वळत नाई. साबणानं अंग निसटलं, शिलाईवालीनं घाबरून हात सोडला आणि माझी मैत्रीण तख्त्याच्या कडेले आली. खाली फरशी होती. मी उजवा हात तिच्याखाली घातला.

पन्नी फाटली. आत काहीतरी सरकलेलं मले कळलं. प्लास्टर भिजून कणकेसारखं झालं, पण हात काढला असता तर ती पडली असती. मी म्हटलं, "मी धरली आहे. धुवा." सून रडत होती, तरी तिनं पाणी घातलं. एकदा क्रम चुकला, पुन्हा पहिल्यापासून केलं. दोन वेण्या छातीवर ठेवल्या, एक जाड, एक बारीक. ती पाहती तर म्हणती, कोण्या आंधळीनं घातल्या? कापूर लावला, कफन घातलं. संध्याकाळच्या आत माती झाली. मी तिले नीट धुतलं, असं मले म्हणता येत नाई. परक्या हातात दिली नाई, एवढंच.

मनगट वाकडं जुळलं. डॉक्टर रागावले, "पाण्यात हात कशाले घातला?" मी म्हटलं, भांडी घासली. आता भरलेला लोटाही मले उचलवत नाई. म्हणजे एक गेली आणि दुसरी कामातून गेली. गल्लीत कोणी म्हातारी खोकली की मी हातातलं काम सोडून कान देते. आज ही गेली तर? आणि खोकणाऱ्यांत मीही आहे ना.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी सेंटर उघडून बसली. शिलाईवाली आणि सून, दोघीच आल्या, त्याही दारातच उभ्या. मी लोड कोपऱ्यात फेकला. चादर घेतली आणि स्वतःच तख्त्यावर आडवी झाली.

"खाला, हे काय करून राह्यल्या?"

"शिकवून राह्यली. वजन कळू द्या. बगलेतून हात घाला."

लाकूड थंड होतं, पाठीले गार लागलं. त्याईनं मले डाव्या कुशीवर वळवलं. यावेळी खालून धरलं होतं. मले बरं वाटलं, मी डोळे मिटले. तसे दोघींचे हात एकदम सुटले.

"डोळे मिटू नका, खाला," सून म्हणाली. "मग आमच्यानं होत नाई."

मी डोळे उघडले. समोर भिंत होती, खुंटीवर मैत्रिणीचं पाणी घालायचं जुनं मग्गं टांगलेलं. त्याच्याकडे पाहत म्हटलं, "बरं. उघडे ठेवते. पुन्हा करा."