दोन थेंब तेल आणि एक गेट पास

गेटवरच्या ऑफिसात धूळ आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. धूळ निदान दिवाळीला झटकतात. किस्से मात्र मी वीस वर्षं गोळा करतोय, कारण पास छापून यायची वाट बघताना दुसरं करणार काय?

जबलपूरच्या एका सरकारी कारखान्याच्या पास ऑफिसात मी कारकून. आमच्याकडे डब्याएवढा प्रिंटर आहे. त्याचं हेड लोखंडी दांडीवर इकडून तिकडे सरकतं आणि पास छापतं. सरकतं म्हणजे, मूड असेल तर! एक पाहुणा वैतागून म्हणाला, "भैया, तवर तिलवाऱ्याला नर्मदेत डुबकी मारून येऊ का?" बडे बाबू दुबेजी मान वर न करता म्हणाले, "हो आइए. कपड़े भी सुखा लेना."

*

याच दुबेजींनी एकदा प्रिंटरचा इलाज केला. ड्रॉवरमधलं डोक्याला लावायचं खोबरेल दांडीवर ओतलं. दोन दिवस प्रिंटर पळाला. तिसऱ्या दिवशी तेलात धूळ बसून चिखल झाला आणि पास तेलकट निघू लागले. गेटवरचा गार्ड तिवारी म्हणाला, "ये पास है कि पराठा?"

साहेब भडकले. त्यांनी खोबरेल नाही बंद केलं, नोटीस लावली: 'तेल का दाग लगा पास रद्द माना जाएगा. उस दिन दूसरा नहीं मिलेगा.' ती अजून खिडकीवर आहे.

*

प्रिंटरचं दुखणं कळणारा माणूस आमच्यात एकच, फिटर वानखेडेकाका. मूळचे अमरावतीचे, राहायला चेरीतालला. एका दसऱ्यानंतर हेड मधेच अडलं. काकांनी झाकण काढलं, तर आत हळद, कुंकू, झेंडूची पाकळी आणि दांडीच्या टोकाला अक्षतांचा दाणा! यंत्रपूजेत आम्ही भक्तिभावानं सगळं वरून टाकलं होतं.

"काहून रे, पूजा करून राहिले होते का याले जेवू घालून राहिले होते?"

मग त्यांनी धडा दिला. आधी स्पिरिटच्या फडक्यानं जुना मळ पुसायचा, मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब, उरलेलं टिपून घ्यायचं. आम्ही माना डोलावल्या. शिकलं कोणीच नाही.

*

ते तेल काका घरून आणत. साहेबांना हे नियमात बसेना. त्यांनी स्टोअरकडे रीतसर मागणी पाठवली. सहा महिन्यांनी अख्खा ड्रम आला! काकांनी लेबल वाचलं. "साहेब, हे तं ट्रकच्या गिअरचं तेल हाये."

"तेल तो है ना?" साहेब म्हणाले.

ड्रम अजून तिथेच आहे. आम्ही त्यावर चहा ठेवतो.

*

काका रिटायर झाले. सहा भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. साहेब म्हणाले, "आपकी जगह कोई नहीं ले सकता." हे मात्र खरं निघालं. ती जागा भरलीच नाही!

*

आठ महिन्यांनी काका खिडकीपाशी उभे. हातात काकूंचं मेडिकल कार्ड. सोमवारी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन. त्या कार्डावर साहेबांची सही स्वतः आत जाऊन घ्यायची होती, आणि साहेब एक वाजता दौऱ्यावर निघणार होते. साडेबारा वाजले होते. प्रिंटर अडलेला.

"काकांना आत घ्या, तेच दुरुस्त करतील," मी म्हणालो.

"बिना पास के?" दुबेजी म्हणाले.

"मग प्रिंटर बाहेर नेऊन देतो."

"सामान बाहर ले जाने का भी पास लगता है." आणि त्यांनी प्रिंटरकडेच बोट दाखवलं.

मला लाज वाटली. काकांनी जाताना ठेवलेली तेलाची बाटली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, आणि मी ती कधी उघडली नव्हती. मी प्रिंटर खिडकीला टेकवला. काकांनी गजांमधून दोन्ही हात आत घातले, दांडी पुसली, दोन थेंब सोडले, हेड दोनदा सरकवलं. "छाप आता."

कर्रकर्र! पास एका दमात बाहेर. एकला दहा मिनिटं कमी होती. काकांनी तशाच हातांनी पास ओढला आणि गेटकडे जवळजवळ धावतच गेले.

तिवारीनं वीस वर्षं काकांच्या डब्यातली भाकर खाल्लेली. त्यानं पास उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला,

"काका, इसपे तो तेल का दाग है."