पुठ्ठ्याचा टीव्ही

नेमेसियो आल्ताओनानं भिंतीत पाडलेलं एकही भोक आजवर बुजवलेलं नाही. हे तो स्वतःच सांगतो, आणि भेटेल त्याला सांगतो. पण खोटं नाही ते. बारांकिया शहरातल्या आमच्या वस्तीत तीस वर्षांत ज्या कुणाच्या बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही नि भोवती पाच स्पीकर लागले, ते बहुतेक त्याच्याच हातचे, आणि जिथं लागले तिथंच आहेत. माणूस बढाईखोर आहे, मान्य. पण बढाई मारायलाही पदरी काहीतरी असावं लागतं.

तरुणपणी तो पिको बांधायचा. पुरुषभर उंचीची, भडक रंगवलेली स्पीकरची पेटी. शनिवारी रस्त्यात उभी केली की आख्खी गल्ली नाचायची. नेमेसियोची पेटी सुरू झाली की तीन घरं पलीकडच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. पुढं घरोघरी टीव्ही मोठे झाले तसा त्यानं तिकडं हात वळवला, तेव्हा एक दुकानदार त्याच्या तोंडावर म्हणाला, रस्त्यावर बोंब ठोकणाऱ्याला घरातला आवाज काय कळणार? ते त्याच्या जिव्हारी लागलं. आजही विषय निघाला की कान लाल होतात.

त्याची रीत अशी. टीव्हीच्या मापाचा पुठ्ठा कापायचा, मधोमध आरशाचा तुकडा चिकटवायचा, आणि तो आठ दिवस भिंतीवर टांगून ठेवायचा. आरशात उजेड चमकला की समजायचं, त्या वेळी टीव्हीत स्वतःच्याच खिडकीचं दर्शन घडणार. आणि रोज संध्याकाळी नेमेसियो येऊन नुसता बसणार, सरबत पिणार, घरातली माणसं कुठं टेकतात ते बघणार. लोक थट्टा करतात, मिस्त्री, आज पुठ्ठ्यावर कुठला सामना? तो हसत नाही. आधी माणसाची बैठक बघावी, मग भिंतीला हात लावावा, एवढंच म्हणतो.

ओलादिस पेर्तूसबाईंच्या घरी हा पुठ्ठा लागला त्या वर्षीची ही गोष्ट. बाई चौऱ्याहत्तरच्या. शिवणकाम करून एकटीनं मुलाला वाढवलं. तो मुलगा, विल्फ्रान, पनामाच्या बंदरात क्रेन चालवतो, आणि सहा वर्षांत घरी फिरकला नव्हता. त्यानं आईसाठी भलामोठा टीव्ही, पाच स्पीकर नि खर्जाचा आवाज काढणारा, धडधडणारा एक डबा पाठवला, आणि सोबत तिकडच्या दुकानातून काढून घेतलेलं चित्र. डाव्या भिंतीला टीव्ही, समोर सोफा, सोफ्यामागं दोन स्पीकर, दार बंद, एसी चालू. आईनं बसायची जागा लाल फुलीनं दाखवलेली.

नेमेसियोनं चित्राप्रमाणं डाव्या भिंतीला पुठ्ठा टांगला आणि बसून राहिला. सोफ्यावर कुणी बसेचना. त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा सोफा घेतल्या दिवसापासून निघालं नव्हतं. पाच वाजले की बाई आपली डुलती खुर्ची उचलून ओसरीवर न्यायच्या, रस्त्याकडं तोंड करून. मग परत आत यायच्या आणि दुसरी न्यायच्या. ती विल्फ्रानची. फडक्यानं पुसून आपल्या शेजारी ठेवायच्या. शेजारीण कार्मेन्सा आपली खुर्ची आपण आणायची. त्या दुसरीवर कुणी बसायचं नाही, आणि का बसत नाही हे कुणी विचारायचंही नाही.

सहाव्या संध्याकाळी बाई न राहवून बोलल्या.

"नेमेसियो, खरं सांग. हा टीव्ही चढला की मला दार लावून आत बसावं लागणार ना?"

"चित्रात तसंच आहे, बाई."

"लेकरानं मनापासून पाठवलंय, तर बसेन मी. पण दार लावून बसलेल्या म्हातारीला काही झालं, तर लोकांना तिसऱ्या दिवशी कळतं."

नेमेसियो सरबताचा पेला तसाच ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यानं पुठ्ठा डाव्या भिंतीवरून उतरवला आणि मागच्या भिंतीला टांगला, ओसरीच्या दाराखिडकीच्या थेट समोर. ओसरीच्या छपराच्या सावलीमुळं आरशात उजेड येईना, म्हणून खूश झाला. आठ दिवस भरल्यावर टीव्ही तिथंच चढला, पुढचे तीन स्पीकर त्याच्यापाशी. मागचे दोन चक्क बाहेर, ओसरीच्या दोन्ही कोपऱ्यांत वळचणीखाली, पाऊस लागू नये म्हणून त्यानं स्वतः रंधा मारून केलेल्या लाकडी टोप्यांत. मग सुतळी घेऊन त्यानं पाचही ठिकाणांपासून मापं घेतली, ती सगळी एकाच खुर्चीपाशी जुळवली, आणि फरशीवर खडूनं खूण केली. आवाज लावल्यावर फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. तिथं दोन माणसं हळू आवाजात बोलू शकत होती. ज्याला गल्ली हलवता येते, त्यालाच आवाज चार खुर्च्यांपुरता आवरता येतो. त्या दुकानदाराला हे कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं.

विल्फ्राननं मात्र फोनवर बघितलं आणि तो भडकला. स्पीकर रस्त्यात टांगलेत, चित्र काय पतंग करायला पाठवलं होतं का, शेवटी पिकोवालाच तो, असं सगळं बोलून घेतलं. बाईंचा चेहरा एवढासा झाला. नेमेसियोनं फोन त्यांच्या हातातून घेतला.

"डिसेंबरात ये. तुझ्या सोफ्यावर बस, मग ओसरीवर बस. नाही पटलं तर माझ्या हातानं भोकं बुजवीन आणि तुझ्या चित्राप्रमाणं लावून देईन. पण ये."

वस्तीभर झालं. नेमेसियो भोक बुजवणार म्हणून लोकांनी पैजा लावल्या. तो वरवर छाती काढून हिंडे. पण तीस वर्षांचं नाव पणाला लागलं होतं आणि त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

डिसेंबरचं वारं सुटलं आणि विल्फ्रान आला. आपल्या शहराच्या संघाचा सामना होता. नेमेसियो शब्दाला जागून भोकं बुजवायची पुट्टी नि ती लिंपायचा पत्रा घेऊन हजर, ओसरीच्या पायरीवर बसलेला. विल्फ्रान दार ओढून सोफ्यावर बसला. प्लास्टिक करकरलं. बाई बाहेर आपल्या खुर्चीत, कार्मेन्सा तिच्या खुर्चीत, मधली रिकामी. सगळ्यांनी खिडकीतून टीव्हीकडं तोंड केलेलं. रस्त्यावरचं येणारंजाणारं पाठीमागून हाक मारून जाई.

दहा मिनिटांनी दार उघडलं. विल्फ्रान बाहेर आला. आत नुसताच आवाज येतो, म्हणाला, सामना येत नाही. बसायला जागा शोधू लागला आणि त्या खुर्चीपाशी थांबला. पायाशी फरशीवर खडूची पुसट फुली होती.

"ही जागा आईची ना, मिस्त्री? सगळी मापं इथंच आणलीत तुम्ही."

"तुझ्या आईची ती बाजूची. तिला एका अंगानं थोडं कमी ऐकू येईल, ते मी तिला विचारून घेतलंय. मधली तुझी आहे. रोज पाच वाजता ती इथं मांडली जाते. मी आठ दिवस बघितलंय."

विल्फ्रान खाली बसला. खुर्ची एकदा डुलली. तेवढ्यात गोल झाला आणि पुढून, मागून, दोन्ही अंगांनी मैदान त्याच्याभोवती उभं राहिलं. त्यानं टीव्हीकडं बघितलंच नाही. तोंड फिरवून तो आईचा हात धरून बसला, आणि बाई म्हणत राहिल्या, अरे सामना बघ, सामना बघ.

पुट्टी नेमेसियोनं दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या फुटक्या पायरीला वापरली, भर दुपारी, आख्ख्या गल्लीला दिसेल अशी.