ओवीनं खाल्लेलं रताळं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या राव. नंतर तोंडात चहा असेल आणि ठसका लागेल. माणसाची फजिती होते, मान्य. पण मी माझी फजिती बाजारात जाऊन, निवडून, दोन किलो तोलून घरी आणली!

आम्ही मूळचे साताऱ्याचे. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी सुपरवायझर. बडोद्याला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. घरात मी, बायको मृणाल आणि आमची सहा वर्षांची ओवी.

ओवी खायची काय काय? बोटं मोजा. वरण-भात, तूप-साखर लावलेली पोळी, दूध आणि केळं. चार बोटं झाली. उरला अंगठा. तो ती आम्हाला दाखवायची.

भातावर कोथिंबिरीचं एक पान दिसलं, की अख्खं ताट बाद! मी काय काय नाही केलं? घासाचं विमान केलं. विमान तोंडाशी आलं की विमानतळ बंद. बागेत नेण्याचं आमिष दाखवलं. एकदा तर पोळीत पालक लपवला. पोरीनं पोळी खिडकीशी नेली, खोटी नोट तपासतात तशी उजेडात धरली आणि मुकाट्यानं माझ्या ताटात आणून ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "वजन बेताचं आहे, हळूहळू नवीन पदार्थांची सवय लागायला हवी. पण जबरदस्ती नको. आणि फसवू तर मुळीच नका. तुमच्यावरचा विश्वास उडाला ना, तर ती केळंसुद्धा संशयानं खाईल."

मृणालनं ते ऐकलं. मी नुसती मान हलवली. दोन्हींत फरक असतो, हे मला पुढे कळलं.

आता आमच्या शेजारच्या बांबद्दल, म्हणजे गुजराती आजींबद्दल सांगतो. सविताबा. सत्तरी कधीच ओलांडलेली, सात नातवंडं हाताखालून गेलेली. ओवी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी. वर्षभरात पोरगी अस्सल बडोद्याचं गुजराती बोलायला लागली, आणि मी अजून "केम छो"च्या पुढे सरकलो नव्हतो.

एकदा ओवीला आणायला गेलो, तर बा भाजी चिरत बसलेल्या. ओवीसमोर वाटी, वाटीत टोमॅटोची नखाएवढी फोड.

"खावानुं नथी, बेटा," बा म्हणाल्या. "खाली चाखवानुं."

म्हणजे खायचं नाही, नुसतं चाखायचं; हे ओवीनंच मला मराठीत सांगितलं. आधी बघायचं. मग वास घ्यायचा. मग ओठाला लावायचं. मग जिभेला.

"अने ना भावे तो थूंकी नाखजे!"

ओवीनं बघितलं, हुंगलं, चाखलं आणि पचकन थुंकलं.

"सरस!" बा म्हणाल्या.

थुंकल्याबद्दल शाबासकी! मी मनात म्हटलं, झालं कल्याण. पण दुसऱ्या दिवशी वाटीत पुन्हा टोमॅटो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ना बांचा आवाज चढला, ना कपाळावर आठी. आठवड्याच्या शेवटी ओवीनं ती फोड गिळली, तेव्हाही बांनी टाळ्याबिळ्या पिटल्या नाहीत. नुसत्या हसल्या आणि पुढची फोड चिरली. खरं सांगतो, आमच्या कारखान्यात कोणाकडे असा धीर मी पाहिलेला नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही.

आणि मग त्या थंडीतल्या एका शनिवारी ओवी धावत घरी आली. डोळे चमकताहेत, गाल लाल!

"बाबा! मी बांकडे रताळं खाल्लं! चार तुकडे! थुंकलं नाही!"

रताळं! अहो, मला तर नाचावंसं वाटलं. साताऱ्याला आईला फोन लावला. आईला गहिवरून आलं. "रताळं खाल्लं? माझी गुणाची बाय ती! उद्या मला व्हिडिओवर दाखव रे."

झालं! मला तेवढंच हवं होतं. रविवारी सकाळी मांडवीजवळच्या भाजीबाजारात हजर. एका भाजीवाल्या बेनना म्हटलं, "रताळं द्या."

बेननी काय उचललं असेल? मातीनं माखलेला, मुळ्या फुटलेला, वेडावाकडा एक गोळा!

"अहो बेन, हे काय? झाडाचं मूळ देता काय मला? नवीन माणूस दिसला म्हणून फसवता? ती द्या, ती! ती लाल रताळी!"

"ए तो शक्करियां छे, भाई."

आता बघा माझी अक्कल. मला वाटलं, बाई मालाचं कौतुक करताहेत. साखरेसारखी गोड आहेत म्हणताहेत!

"शक्कर असो की गूळ, दोन किलो तोला!"

"पण भाई, रताळु तो आ..." त्यांनी तो गोळा पुन्हा पुढे केला. मी हात जोडले. बेननी शेजारणीकडे बघितलं, शेजारणीनं माझ्याकडे बघितलं, आणि दोघी पदराआड हसल्या. मला वाटलं, माझी पारख पाहून खजील झाल्या.

घरी येऊन मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. काही रताळी उकडली, काहींचे तुपात काप केले, वर गूळ. कीससुद्धा केला, शेंगदाण्याचं कूट घालून. मृणाल दोनदा म्हणाली, "अरे, एक काप पुरे. बा कशा एकच फोड ठेवतात, बघितलंस ना?" पण ऐकतो कोण?

दुपारी व्हिडिओ लावला. तिकडे नुसती आई नव्हती. काकू होती, माझी बहीण होती, शेजारच्या दोघी होत्या. इकडे ओवीसमोर रताळ्यांचा डोंगर.

"हे काय आहे?" ओवीनं विचारलं.

"रताळं! तुझं आवडतं!"

तिनं वाकून बघितलं. "हे रताळं नाहीये."

"अगं, रताळंच आहे."

"नाही बाबा. रताळं जांभळं असतं."

फोनमध्ये सगळ्या हसल्या. काकू म्हणाली, "जांभळं रताळं? अगं, जांभळं खाल्लीस की रताळं?" बहीण म्हणाली, "खायला नको म्हणून पोरं काय काय रचतात!"

आणि माझं डोकं फिरलं. चार माणसांत पोरीनं तोंडघशी पाडलं, असं वाटलं. म्हणालो, "ओवी, काल काही खाल्लं नसशील तर तसं सांग. पण खोटं बोलायचं नाही."

मृणालनं माझ्याकडे असं बघितलं, की बस्स.

ओवी रडली नाही. तिनं एक काप उचलला. हुंगला. ओठाला लावला. एवढासा तुकडा तोडून जिभेवर ठेवला, चावला आणि गिळला. मग म्हणाली, "हे गोड आहे. मला थोडंच आवडलं. पण हे रताळं नाहीये, आणि मी खोटं बोलत नाही."

उठली, चपला घातल्या आणि गेली शेजारी.

दोन मिनिटांत परत आली ती बांचा हात धरून. बांच्या दुसऱ्या हातात काय होतं, ओळखा! तोच मातीनं माखलेला, मुळ्या फुटलेला गोळा. आणि ओवीच्या हातात एक वाटी. वाटीत मीठ-मिरी लावून परतलेल्या फोडी. जांभळ्या! अगदी गर्द जांभळ्या!

"आ रताळु," बांनी गोळा टेबलावर ठेवला. मग माझ्या डोंगराकडे बघून म्हणाल्या, "अने आ तो शक्करियां! तमारुं रताळुं ए अमारुं शक्करियुं, भाई!"

फोनमधून आई ओरडली, "अरे, ते कोनफळ आहे! आपल्याकडे कोनफळ म्हणतात त्याला! माझ्या नातीला खोटारडी म्हणालास होय रे?"

पाच मिनिटांपूर्वी या सगळ्या माझ्या बाजूनं होत्या, बरं का! आता बहीण म्हणते, "दादा, एवढंसं लेकरू ते. जरा विचारायचं तरी!"

मृणाल हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं का? तू तिला खोटी ठरवत होतास, सगळे हसत होते, आणि तरी तिनं तुझं रताळं चाखून बघितलं. पहिल्याच दिवशी. गिळलंसुद्धा."

नव्हतं आलं हो लक्षात! सहा वर्षांची पोर. कोथिंबिरीच्या एका पानाला घाबरणारी. भर सभेत बाप तिच्यावर आरोप करतो, आणि ती भांडत नाही, ताट लोटत नाही. बांनी शिकवलंय तसं आधी चाखते आणि मग मत देते. माझ्यावर कोणी असा आरोप केला असता, तर मी ताट भिंतीवर मारलं असतं.

मी खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर खाली बसलो. "ओवी, माझं चुकलं. तू खरं बोलत होतीस."

"मला माहितीये," ओवी म्हणाली. आणि वाटी माझ्यापुढे केली. "आता तू."

आता इथं एक कबुली द्यायला हवी. वर्षभर बडोद्यात राहून मी बाहेरचं काही म्हणजे काही खाल्लं नव्हतं. कंपनीत साताऱ्याची चटणी आणि भाकरी, घरी पिठलं आणि भाकरी. कोणी काही दिलं की "पोट भरलंय" हे उत्तर तयार. त्या जांभळ्या फोडी बघून मी वाटी हळूच मागे सरकवली.

"नको गं. मला हा रंग..."

"खायचं नाही, बाबा. नुसतं चाखायचं. आधी वास घे."

घेतला. फोनमध्ये पाच बायका श्वास रोखून. ओठाला लावलं. जिभेवर ठेवलं. आणि खरं सांगू? झकास लागलं! वाटी मी संपवली. ओवीनं टाळ्या नाही वाजवल्या. नुसती हसली, अगदी बांसारखी.

तेव्हापासून आमच्या टेबलावर दोन छोट्या वाट्या असतात. एक ओवीची, एक माझी. ओवीनं दोन महिन्यांत गाजर, मटार, दुधी, मेथीचे ठेपले असे गड जिंकले. मी मात्र बांच्या डाळीवर अडकलोय. तुरीची डाळ, आणि तिच्यात गूळ! साताऱ्याचा माणूस हो मी! पंधरा दिवस झाले, गाडी ओठांच्या पुढे जातच नाही.

परवा बांनी माझी भरलेली वाटी पाहिली आणि भुवया उंचावून काही बोलणार, इतक्यात ओवी लगबगीनं मध्ये आली. मला कळू नये म्हणून मुद्दाम गुजरातीत, बांच्या कानाशी लागून म्हणाली, "बा, एने कंई ना कहेता. ए हजी नानो छे."

त्याला काही बोलू नका, तो अजून लहान आहे!

वर्षभरात मला धड कळलेलं हे पहिलं गुजराती वाक्य.