साहेबांना न लागलेला चढ

कोल्हापूर जिल्हा श्रीमंत आहे, ही बातमी वरच्या खडकवाडीला पोहोचायला रस्ता नव्हता. खाली ऊस, साखर कारखाने, दुधाचे टँकर. वर गगनबावड्याच्या डोंगरात नाचणी, हिरडा, थोडा मध आणि पाऊस. त्यातला पाऊस तेवढा दरवर्षी भरघोस पिकायचा. खरा आधार म्हशींचा. पण दूध डोक्यावरून खालच्या डेअरीत नेईपर्यंत उन्हाळ्यात नासून जाई.

जोतीरामाला रस्ता हवा होता तो म्हणूनच. घरचं दूध त्याची बायको बाळाबाई नेत असे आणि तिचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. जोतीरामाचा खांदा मात्र वाडीत नावाजलेला. आजारी माणसाला डोलीत घालून खाली न्यायचं, तर पहिली हाक त्यालाच.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात, वाडीला रस्त्याची खरंच गरज आहे का, हे बघायला साहेब आले. पायथ्याशी जीपमधून उतरले, वर बघितलं आणि रुमालाने मान पुसली. जोतीरामाला ते बघवेना.

"डोली आणा रं!"

"चालू द्या की त्यास्नी," बाळाबाई कुजबुजली. "जरा दमल्याबिगार कळायचं कसं?"

"पावणं हायत ते! चालवायचं व्हय? वाडीची अब्रू हाय का न्हाय?"

झालं! चार खांदे लागले आणि अब्रू डोंगर चढली. साहेबांनी डोलीत डुलकीही काढली. वर तांबडा-पांढरा रस्सा झाला, खरवस झाला. उतरतानाही डोलीच. आता रस्ता आलाच म्हणून वाडी खूश.

आला तो शेरा. सरपंचांनी चावडीत वाचून दाखवला. 'चढ सौम्य आहे. ग्रामस्थ काटक व समाधानी आहेत. रस्त्याची तूर्त आवश्यकता नाही.' आपल्याच खांद्यावरून आपण हे वाहून आणलं, याची काटक जोतीरामाला मनस्वी लाज वाटली.

त्याच पावसाळ्यात बाळाबाई दुधाच्या किटलीसकट घसरली आणि तिचा पाय मोडला. प्लास्टर घातल्यावर तिला परत वर आणायला पुन्हा तीच डोली निघाली. पुढे जोतीराम. निसरड्या चढावर त्याला धाप लागली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या वाटेवर रडू फुटलं.

डोलीतून बाळाबाई म्हणाली, "सायेब खरंच बोललं हुतं, बगा. हितं बसलं की चढ लागतच न्हाय."