पंचेचाळीस कोटी नॅनोमीटरचा हात

बशीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईला दवाखान्यात मेव्हण्याच्या उशाशी बसलो होतो. फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता. "सर, भाईजान गेले," एवढंच म्हणाला... बीडची एसटी मिळेपर्यंत आणि कब्रस्तानात माती देऊन परतेपर्यंत मला रडू आलं नाही. ते आलं नंतर, आणि खरं सांगायचं तर संतापानं आलं. आठवड्याभरानं बसस्टँडसमोर होर्डिंग लागलं. त्यावर बशीरचा हसरा फोटो, आम्ही दोघं जिथं शिकवायचो त्या खासगी क्लासचं नाव आणि फोटोखाली ठळक अक्षरांत : 'एक हात = ४५ कोटी नॅनोमीटर. सरांची सोपी पद्धत, फक्त आमच्याकडे.' मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. बरं, खायचं तर खा, पण मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं तरी घालू नका.

खोटं का, ते सांगायलाच हवं. बशीर फिजिक्स शिकवायचा, मी गणित. अकरावीचा पहिला तास मापांचा असे आणि खेड्यांतून आलेल्या पोरांना नॅनोमीटर हा शब्द ऐकूनच धडकी भरे. डोळ्यांना न दिसणारं माप धरायचं तरी कुठं? बशीर फळ्याकडे वळायचाच नाही. "हातच्या कंकणाला आरसा कशाला? बाह्या वर करा," म्हणायचा. मुलं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपापला हात पट्टीनं मोजायची. एका सेंटीमीटरचे एक कोटी नॅनोमीटर, म्हणजे जितके सेंटीमीटर तितके कोटी. हातानंतर वीत, वितीनंतर बोट, पार नखाच्या जाडीपर्यंत तो त्यांना उतरवत न्यायचा. प्रत्येकाचं उत्तर निराळं यायचं आणि शेजारच्या दोघांचं सारखं आलं की तो दोघांनाही परत मोजायला लावायचा. "आधी हात कुणाचा ते लिवा बे," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "नॅनोमीटर मागून."

एका वर्षी क्लासनं मोफत बॅचसाठी परीक्षा घेतली. 'एक हात म्हणजे किती नॅनोमीटर?' हा प्रश्न बशीरचाच. पेपर मात्र ऑफिसातल्या लोकांनी तपासले, गाईडवरून तयार केलेल्या उत्तरांशी ताडून. शिरूर कासारची वंदना नावाची मुलगी होती, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिनं परीक्षेत बसल्या बसल्या स्वतःचा हात मोजला आणि एक्केचाळीस कोटी लिहिलं. गाईडात पंचेचाळीस होतं. तिला शून्य मिळालं आणि त्या एका प्रश्नापायी बॅच हुकली.

बशीर तिला घेऊन संचालकांकडे गेला. मीही बरोबर होतो.

"अहो सर, हात म्हणजे दीड फूट. छापलेलं आहे," संचालक म्हणाले.

"छापणाऱ्याचा असंल तेवढा. त्याचं पंचेचाळीस बरोबर हाय, मी कुठं न्हाई म्हणतो? पण हिचं एक्केचाळीस चूक कावून? पोरगी समोर उभी हाय, पट्टी घ्या अन् मोजा."

संचालकांनी पट्टी घेतली नाही. एकीचं उत्तर धरलं तर उद्या सगळे पालक दारात येतील, म्हणाले. त्या मुलीनं हात पुढं केलेला होता... तो तिनं हळूच ओढणीखाली घेतला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. ती त्या हंगामात आईबापाबरोबर कारखान्यावर गेली. बशीरनं दुसऱ्याच दिवशी क्लास सोडला, महिनाभरात मीही. घरच्या पुढच्या खोलीत त्यानं शिकवण्या सुरू केल्या. वंदनाला बोलवायला तो शिरूरला दोनदा जाऊन आला, पण घराला कुलूप होतं. पुढं ती शिकली की नाही, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि आता तेच पंचेचाळीस कोटी, त्याच क्लासनं, त्याच्याच फोटोखाली छापलेत. मी जाब विचारायला गेलो तर संचालकांनी मलाच खुर्ची दिली, चहा मागवला. "श्रद्धांजलीच आहे ना सर? त्यांचंच नाव मोठं होतंय." ज्या उत्तराशी तो भांडला तेच त्याच्या गळ्यात बांधलंत, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "पण उत्तर बरोबरच आहे की." चहा तसाच ठेवून मी निघालो.

तिथून थेट बशीरच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायच्या एकांतात, त्यामुळे आतल्या दाराआडूनच बोलल्या. होर्डिंगचं त्यांच्या कानावर आलेलं होतं. पुढच्या खोलीच्या खिडकीला जुनी चादर टांगलेली होती. माझी नजर तिकडं गेलेली त्यांना दाराच्या फटीतून दिसली असावी.

"पडद्याचं कापड आणायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "दुखण्याच्या आधी त्यांनीच खिडकी मोजलती. पाच हात म्हणले. परवा धाकट्या दिराला धाडलं दुकानात. दुकानदारानं इचारलं, हात म्हंजी दीड फूटच ना? त्यानं मला फोन लावला..."

दाराआडून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"मी म्हणलं, दीड फूट न्हाई, त्यांचा हात व्हता. राहू दे कापड, माघारी ये."