बोल्ट आवळायचे राहिले होते

सुलभाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठी डब्यात मऊ भात भरत होते. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, नळ्या निघाल्या होत्या, आदल्या संध्याकाळी तर त्या उशीला टेकून बसून माझ्याशी चांगल्या बोलल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये श्रीकांत होता, म्हणजे माझा नवरा आणि अक्कांचा धाकटा भाऊ. तो फोनवर नुसतं "मीनल..." म्हणाला. काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्या ऑपरेशनबद्दल जेवढं वाईट मनात आणता येईल तेवढं मी आधीच आणून ठेवलं होतं, आणि तरीही त्या क्षणी त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. मी झाकण घट्ट लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि चपला घालून दारात उभी राहिले. मग तो भात आता कुणीच खाणार नाही हे लक्षात आलं.

आदल्या संध्याकाळचं आमचं बोलणं सगळं गाडीबद्दलचं. त्यांची छोटी पांढरी गाडी चामराजपेटातल्या रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये होती. पुढच्या दोन्ही चाकांना खालून धरून ठेवणारे झिजलेले लोअर आर्म, त्यांतले रबरी बुश, बॉल जॉइंट, शॉकअप, सगळं बदलून झालं होतं. फक्त बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे राहिले होते. अक्का म्हणाल्या, "रफीकला सांग, हाताने बसवलेत तेवढेच असू देत म्हणावं. मी येते, बसते, मग आवळ." मी म्हटलं, "अक्का, आधी तुम्ही घरी तर या." त्यावर हसल्या. "येतेच की गं. न यायला काय झालं?"

मी लग्न होऊन पुण्याहून बंगळुरूला आले तेव्हा श्रीकांतच्या नोकरीमुळे आम्ही मारतहळ्ळीत घर घेतलं, आणि अक्का चामराजपेटातच राहिल्या. त्यांचं घराण्यातलं दुकान होतं, शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं. अस्तर, बटणं, चेन, दोरे. लग्न त्यांनी केलं नाही; का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. उंच, हाडापेराने मोठ्या, आवाज खणखणीत. माझ्या पुणेरी मराठीची त्या मनसोक्त थट्टा करायच्या आणि मी त्यांच्या "स्वल्प थांब"ची. मला या गावात ना भाषा येत होती ना रस्ते कळत होते, म्हणून सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन त्या थेट आमच्या दारात हजर व्हायच्या आणि "चल, बस" म्हणायच्या. कुठे, ते सांगायच्या नाहीत. कधी भाजीबाजार, कधी कुणाचं बारसं, कधी नुसताच डोसा.

त्या गाडीत बसायचा एक नियम होता. निघाल्यावर पहिले दोन-चार हम्प ओलांडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. स्पीडब्रेकरला इथे हम्पच म्हणतात, आणि ते हातभर अंतरावर असतात. अक्का काचा खाली करायच्या, मान जराशी कलती करून ऐकायच्या. माझी मुलगी लहान असताना या नियमाने कासावीस व्हायची. मीसुद्धा. कारण एरवी मला जे कधी ऐकू आलं नसतं ते सगळं त्या शांततेत ऐकू यायचं आणि चाक आता निखळतंय की मग, असं वाटत राहायचं. "काही नाही गं, पाण्याची बाटली आहे," अक्का म्हणायच्या आणि मग गप्पांना मोकळीक मिळायची.

गेल्या वर्षी मात्र ती बाटली नव्हती. डाव्या चाकाकडून खट्... खट्... असा आवाज यायला लागला, वळताना गाडी किंचित ओढ घ्यायला लागली, आणि नेमक्या त्याच सुमाराला अक्कांना जिना चढताना मध्येच थांबावं लागू लागलं. डॉक्टरांनी झडप बदलायला सांगितलं. रफीकभाईंनी गाडीचं पुढचं सगळं बदलायला सांगितलं. श्रीकांतने दोन्ही ऐकलं आणि एक ठरवून टाकलं: ऑपरेशन करायचं आणि गाडी काढून टाकायची. त्याचंही चुकत नव्हतं. बहीण एकटी राहते, छातीवर टाके पडणार, आणि वीसेक वर्षांची गाडी. "तुला कुठे जायचं तर मी सोडेन ना," तो म्हणाला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तू सोडशील रे. पण मग मी निघणार कधी? तुला वेळ असेल तेव्हा." त्या ऑपरेशनला कबूल झाल्या त्या एकाच अटीवर. आपण दवाखान्यातून बाहेर येऊ तेव्हा गाडी तयार पाहिजे. गाडी उभी असली की आपल्याला घरी यावंच लागेल, असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं.

मग ते धावपळीचे दिवस. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती आणि सुटे भाग मिळत नव्हते. मॉडेल जुनं, कंपनीने माल बंद केलेला. आम्ही दोघी इथल्या, बंगळुरूच्या शिवाजीनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून फिरत होतो. डावा आर्म एका दुकानात मिळाला, उजवा कुठेच नाही. दुसऱ्या कंपनीचा होता, दुकानदार म्हणाला, "बसून जाईल, अक्का." अक्कांनी नकाराची मान हलवली. "दोन्ही पाय एका मापाचे नकोत का रे?" गर्दीत त्या पुढे आणि मी मागे, त्यांच्या खांद्यांकडे बघत. श्वास किती वर-खाली होतोय तेच मी बघत होते. एका दुकानाच्या पायरीवर त्या अचानक बसल्या. ओठ पांढरे पडले होते. मी रिक्षाला हात केला तर म्हणाल्या, "अय्यो, स्वल्प दम तर खाऊ दे. त्या समोरच्या दुकानात विचारलंस का?" मला इतका राग आला! मी रडकुंडीला येऊन ओरडले, "अक्का, जीव मोठा की लोअर आर्म मोठा?" रस्त्यावरची माणसं बघायला लागली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मला भीती वाटते गं. हे काम असलं की वाटत नाही." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी डोळे पुसले आणि समोरच्या दुकानात गेले. उजवा आर्म तिथे होता.

दवाखान्यात भरती व्हायच्या आधी रफीकभाईंनी सगळं बसवलं. राहिले बोल्ट. चाक हवेत लोंबत असताना बुशाचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर आतलं रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, तिचा भार येऊ द्यायचा, मग खालून आवळायचं. हे रफीकभाईही जाणतात. अक्कांचं त्याशिवाय आणखी एक म्हणणं होतं. गाडीचाच नव्हे, चालवणारीचाही भार हवा. दर वेळी त्या स्वतः सीटवर बसायच्या आणि रफीकभाई खालच्या खड्ड्यात उतरून बोल्ट आवळायचे. ते हसायचे, पण ऐकायचे. या खेपेला मात्र त्या दिवशी तपासण्यांचं बोलावणं आलं आणि तेवढं राहून गेलं. "सरी, ठीक आहे, आल्यावर बसते," म्हणून त्या निघाल्या.

तेरावं उरकल्यावर रफीकभाईंचा फोन आला. ते बराच वेळ अक्कांबद्दलच बोलले आणि मग चाचरत म्हणाले, "अक्का बोलके गये थे, मैं बैठे बगैर कसो नक्को. बोल्टां वैसेच हैं. अब क्या करूँ?" श्रीकांत म्हणाला, "आवळा आणि विकून टाका." पण हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, "मी येते." का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी गिअर नसलेली गाडी चालवणारी बाई, क्लच दाबला तो लायसन्सपुरता. अक्कांच्या गाडीचं स्टिअरिंग मी कधी हातात घेतलं नव्हतं, घ्यावंसं वाटलंही नव्हतं. पण ते काम त्यांनी सांगितल्याप्रमाणे झालं नाही तर काहीतरी वाईट होईल, अशी धास्ती मनात बसली होती. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, तरीही.

श्रीकांत आणि मी पोचलो तेव्हा रफीकभाईंनी गाडी ढकलतच खड्ड्यावर आणून ठेवली होती. मी दार उघडून बसले. माझे पाय कुठेच पोचेनात. सीट अक्कांच्या उंचीला होती तशीच, पार मागे. मी सवयीने खालचा खटका चाचपायला वाकले, तर खड्ड्यातून आवाज आला, "हिलो नक्को, अक्का!" मला अक्का म्हणणारं या गावात तोवर कुणी नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले. पाना फिरायला लागला. प्रत्येक बोल्ट आवळताना गाडीला बारीकसा हिसका बसे आणि तो तळव्यांतून वर चढे. समोर स्टिअरिंग लांब होतं, काचेवरचा आरसा त्यांच्या डोळ्यांना लावलेला, त्यात मला नुसतं छत दिसत होतं. मी जिथे बसले होते तिथे माझं माप नव्हतं. मला हुंदका आला आणि मी तो गिळला, कारण हलायचं नव्हतं.

रफीकभाई वर आले, हात पुसत म्हणाले, "हो गया. चलाके देखो." श्रीकांत कधी शेजारी येऊन बसला ते कळलं नव्हतं. मी पाय ताणून क्लचवर नेला. तो अर्धाच दाबला गेला. एकदा वाटलं, पाठीला उशी घ्यावी, सीटला हात लावू नये. ती पुढे घेतली की अक्का बसायच्या ती जागा राहणार नव्हती, पुन्हा कुणालाच ती नेमकी लावता येणार नव्हती. पण अर्ध्या क्लचवर गिअर टाकलेला अक्कांनी खपवून घेतला नसता.

"काय झालं?" श्रीकांतने विचारलं.

मी खटका ओढला. सीट पुढे आली. माझा पाय पुरता पोचला आणि मी घाबरत घाबरत पहिला गिअर टाकला.