मखराशेजारचं भविष्य

जगाचा अंत कसा होणार हे अख्ख्या बदलापुरात फक्त माझ्या बायकोच्या मामांना ठाऊक आहे, आणि दर गणपतीत मांजर्लीतल्या त्यांच्या हॉलमध्ये, मखराशेजारी, तो फुकटात बघायला मिळतो. मामा अंबरनाथच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. मामा उल्हासनगरच्या बाजारातून मोबाइलचं भंगार आणू लागले. "साईं, इस कचरे का करोगे क्या?" दुकानदाराने विचारलं. मामा गंभीरपणे म्हणाले, "भविष्य बनाऊंगा." "तो मुफ्त में ले जाओ, उसका कोई गिराक नहीं!"

एका वर्षी देखाव्यात त्यांनी फुटक्या स्क्रीनचं गाव केलं, त्यातली माणसं माना खाली घालून घालून कायमची वाकलेली. पुढच्या वर्षी बारसं केलं, बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या म्हणजे एक यंत्र. "एक तरी माणूस घाबरला पाहिजे, जावईबापू," एवढाच त्यांचा ध्यास. पण लोक देखाव्यापुढे सेल्फी काढत, मोदक खात आणि "लायटिंग मस्त हां, काका" म्हणून निघून जात. मामांना ते शिवीसारखं लागे. तरी हार मानतील ते मामा कसले! "पुढच्या वर्षी बघतोच एकेकाला," असं ते विसर्जनाच्या वाटेवरच दात-ओठ खात म्हणत.

यंदा त्यांनी कहर केला. एक रिकामी खुर्ची, तिच्यावर मामींची शाल आणि शालीखाली मोबाइल. माणूस गेल्यावरही त्याचा आवाज संसार चालवत राहील, हा विषय. पावसाळाभर एका अ‍ॅपशी झटून त्यांनी मामींचा हुबेहूब आवाज तयार केला. मामी एवढंच म्हणाल्या, "मी धडधाकट असताना माझी खुर्ची रिकामी? करा काय ते. शाल तेवढी परत द्या."

पहिल्याच दिवशी हॉल भरलेला, आरतीची तयारी चाललेली, आणि खुर्ची बोलली, "अहो, चहा ठेवलाय, येताय ना?"

"आलो गं," म्हणत मामा हातातलं निरांजन ठेवून स्वयंपाकघराकडे निघाले. दारात मामी प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होत्या. "मी कुठे बोलले?" त्यांनी विचारलं. सगळे खो-खो हसले. मामांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांनी अखेर एक माणूस घाबरला होता. त्यांनी मोबाइल बंद केला आणि शाल उचलून मामींच्या खांद्यावर घातली.

"अहो, उकडतंय!" मामी म्हणाल्या.

पुढच्या वर्षाचं भंगार घरात येऊन पडलंय, हट्ट काही सुटलेला नाही. पण हल्ली मामींनी हाक मारली की मामा बसल्या जागेवरून "आलो" म्हणत नाहीत. उठतात, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातात, मामींकडे नीट बघून घेतात आणि मगच ओ देतात. तेवढ्यात चहा निवतो. मामी तो पुन्हा गरम करतात.